पहिले दहा सेकंद

१०० मीटरच्या शर्यतीचा धावपटू ब्लॉकवर पाय रोवून बसला आहे. बंदूक उडते आणि पापणी लवायच्या आत त्याच्या मांड्या सत्तर-ऐंशी किलोचा देह पुढे फेकतात. त्या पहिल्या रेट्याला लागलेली ताकद आली कुठून?

सकाळच्या नाश्त्यातून? त्यातल्या साखरेतून पुरेपूर ऊर्जा काढायची तर पेशीला एकामागून एक कितीतरी रासायनिक पायऱ्या उतराव्या लागतात. मग श्वासातल्या प्राणवायूतून? पण श्वास फुलायला, हृदयाचे ठोके चढायला, वाढीव रक्त मांडीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि १०० मीटरची शर्यत तेवढं थांबत नाही. शर्यत संपते तेव्हा फुप्फुसं नुकती कुठे कामाला लागलेली असतात. तरीही माणूस धावला, आणि आयुष्यातल्या सर्वोच्च वेगाने धावला!

याचं उत्तर ज्या पदार्थात दडलं आहे, तोच आज गल्लोगल्लीच्या जिममध्ये पांढऱ्या पावडरीच्या डब्यातून विकला जातो. क्रिएटिन. त्या डब्याबद्दल कौतुकही फार ऐकू येतं आणि धास्तीही. पण डबा बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून हा पदार्थ आपल्या प्रत्येक स्नायूत आहे. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात तो सुमारे १२० ग्रॅम असतो आणि त्यातला ९५ टक्के स्नायूंमध्ये. तो तिथे काय करतो हे एकदा कळलं की पावडर काय करू शकते आणि काय नाही, ते आपोआप कळत जातं.

सुरुवात इंधनापासून करू. स्नायूला एकच इंधन चालतं, एटीपी. भाकरी खा, तूप खा, नाहीतर पोटावर साठलेली चरबी जाळा, शेवटी सगळ्याचं एटीपी व्हावं लागतं. या रेणूच्या टोकाला फॉस्फेटचे तीन गट ओळीने जोडलेले असतात. शेवटचा गट सुटला की ऊर्जा मोकळी होते आणि त्या ऊर्जेवर स्नायूतले तंतू एकमेकांवरून सरकतात. तुम्ही आत्ता हे पान वाचताना डोळे हलवताय, तेही याच ऊर्जेवर.

असं महत्त्वाचं इंधन शरीराने किती साठवून ठेवलं असेल? जीव तोडून धावायचं ठरवलं तर दोन-तीन सेकंद पुरेल एवढंच! दिवसभरात माणूस साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि मोडतो, पण कुठल्याही एका क्षणी हातात असतं ते मूठभर. साठा आटला तर स्नायू ताठरतो. मृत शरीर आखडतं त्याचं कारण हेच, एटीपी संपलेलं असतं.

आता खरं नवल. जिवाच्या आकांताने ३० सेकंद सायकल मारलेल्या माणसाच्या मांडीचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तर एटीपी निम्म्यानेही उतरलेलं दिसत नाही. दोन-तीन सेकंदांचा साठा ३० सेकंद वापरला आणि तरी तो बराचसा शिल्लक! मग कुणीतरी तो सतत भरत असलं पाहिजे, आणि तेही विजेच्या वेगाने.

ज्या गावात नळाला कायम बारीक धार येते, तिथलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर कळशी आहे आणि शेजारी भरलेलं पिंप. वापरायचं पाणी कळशीतलंच, पण ती रिकामी होऊ लागली की पिंपातून भसकन तांब्या ओतायचा. नळ सावकाश पिंप भरत राहील. एटीपी ही कळशी. प्राणवायूवर चालणारी संथ, पण न संपणारी यंत्रणा हा नळ. आणि पिंप म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेटचा एक गट अंगावर वागवणारं क्रिएटिन. एटीपीने आपला फॉस्फेट गमावला रे गमावला की फॉस्फोक्रिएटिन आपल्याजवळचा देऊन टाकतं आणि एटीपी पुन्हा तयार. पायरी एकच. प्राणवायू नको, साखर नको. ही देवघेव घडवणारं विकर म्हणजे क्रिएटिन कायनेज. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेल्यावर पूर्वी जी ‘सीपीके-एमबी’ चाचणी हमखास करायला सांगत, ती याच विकराच्या हृदयातल्या प्रकाराची. हृदयाच्या पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं.

पिंपात पाणी किती? विश्रांतीतल्या स्नायूत फॉस्फोक्रिएटिन एटीपीच्या साधारण तिप्पट असतं. पूर्ण जोर लावला तर दहा सेकंदांच्या आसपास त्याचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. १०० मीटरच्या शर्यतीची वेळ आणि या साठ्याचं आयुष्य किती जवळ आलं पाहा!

हे उलगडायला जवळजवळ १०० वर्षं लागली. १८३२ साली मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या अर्कातून क्रिएटिन वेगळं काढलं. ते कशासाठी असतं, याचा पत्ता नव्हता. १८४७ मध्ये जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिगने कोल्ह्यांचं मांस तपासलं आणि त्याला दिसलं की शिकारीत पळून पळून मारल्या गेलेल्या रानटी कोल्ह्यांत पिंजऱ्यात वाढलेल्या कोल्ह्यांपेक्षा दहापट क्रिएटिन आहे. तो दहाचा आकडा आज कुणी शब्दशः घेणार नाही. पण स्नायूंच्या श्रमाशी या पदार्थाचं नातं आहे, हा त्याने काढलेला अर्थ मात्र अगदी नेमका होता. तराजू, चंचुपात्रं आणि तीक्ष्ण नजर, यापलीकडे त्याच्याकडे फार काही नव्हतं.

मग १९२७ साल उजाडलं आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी पडदा उठला. लंडनमध्ये फिलिप आणि ग्रेस एगल्टन हे दांपत्य बेडकाच्या स्नायूंवर काम करत होतं. अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर होते आंध्रातल्या भीमावरम इथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते बोस्टनला पोचले होते. फॉस्फरस किती आहे हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत त्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी अजूनही हे नाव शिकतात.

ही पद्धत त्यांनी स्नायूच्या अर्कावर लावली, तेव्हा एक गोष्ट खटकली. निळा रंग एकदम न चढता हळूहळू चढत होता. दुसरा कुणी असता तर द्रावण बिघडलं म्हणून ओतून मोकळा झाला असता. हे दोघे थबकले. रंग उशिरा चढतोय म्हणजे फॉस्फेट उशिरा सुटतंय, म्हणजे ते आधी कशालातरी बांधलेलं आहे! आणि ते ज्याला बांधलेलं होतं ते निघालं क्रिएटिन. हे संयुग इतकं नाजूक, की आम्लात पडताच तुटायचं. त्याआधीच्या संशोधकांना तुटलेले तुकडेच दिसले आणि त्यांनी त्यांनाच मूळ पदार्थ मानलं. पुढे सुब्बारावांच्या नावावर इतकी मोठी कामं जमा झाली, एटीपीच्या शोधात वाटा, हत्तीरोगावरचं औषध, कर्करोगावरच्या औषधांची पायाभरणी, की हा शोध त्यांच्या कहाणीत एका ओळीत उरकला जातो. मला तो त्यांच्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक वाटतो, कारण सगळा शोध एका रंगाच्या रेंगाळण्यात होता.

तरी विद्वानांचं मत बदलेना. स्नायू लॅक्टिक आम्लाच्या निर्मितीवर चालतो असं तेव्हा पक्कं मानलं जाई. स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल हिल आणि मायरहोफ यांना मिळालं होतं आणि या समजाला त्यांच्याच कामाचा आधार होता. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगोरने स्नायूंना असं विष दिलं की लॅक्टिक आम्ल बनूच शकणार नाही. स्नायू बंद पडायला हवे होते, पण ते आकुंचन पावतच राहिले! आणि जसजसे आकुंचन पावत गेले तसतसं फॉस्फोक्रिएटिन घटत गेलं. ते संपलं तेव्हाच स्नायू थांबले. हिल यांनी स्वतः याला स्नायुशास्त्रातली क्रांती म्हटलं. आपला सिद्धांत कोसळताना पाहून तो कोसळला असं मोकळेपणाने लिहिणारा नोबेल विजेता! मला त्यांच्याबद्दल केवढा आदर वाटतो.

पुढे १९७० च्या दशकात ऑक्सफर्डला चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरींच्या साहाय्याने स्नायूला सुई न लावता आत डोकावता येऊ लागलं. आज व्यायाम करणाऱ्या माणसाचा स्नायू असा पडद्यावर पाहता येतो. आलेखातलं फॉस्फोक्रिएटिनचं शिखर डोळ्यांदेखत खचत जातं आणि शेजारचं एटीपीचं शिखर जागचं हलत नाही. पिंप उतरतंय आणि कळशी काठोकाठ!

मग साहजिक प्रश्न येतो. पिंपच थोडं मोठं करता आलं तर?

खायला दिलेलं क्रिएटिन शरीरात मुरतं हे १९२० च्या दशकातच दिसलं होतं. पण माणसाच्या स्नायूत ते खरंच वाढतं का, हे पाहायला स्नायूचा तुकडा हवा. तो सुईने काढायची पद्धत स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात बसली. त्याच परंपरेत रॉजर हॅरिस, करीन सॉदरलुंड आणि एरिक हुल्टमन यांनी १९९२ मध्ये तो निर्णायक प्रयोग छापला. दिवसातून चार ते सहा वेळा पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन, काही दिवस. स्नायूतला साठा वाढला, सरासरी पाचव्या हिश्शाच्या आसपास. ज्यांच्याकडे आधी कमी होतं त्यांच्यात सर्वांत जास्त.

त्यात एक फार सुंदर युक्ती होती. काही जणांना रोज तासभर एकाच पायाने सायकल मारायला लावली. माणूस तोच, रक्त तेच, पावडर तीच. तरीही चाललेल्या पायात क्रिएटिन जास्त शिरलं आणि बसून राहिलेल्या पायात कमी! नुसता डबा रिकामा करून भागत नाही, स्नायूला काम द्यावं लागतं, हे त्या दोन पायांनी दाखवून दिलं.

त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाचं ऑलिम्पिक झालं. ब्रिटनच्या लिनफर्ड ख्रिस्टीने ९.९६ सेकंदांत १०० मीटरचं सुवर्ण घेतलं, सॅली गनेलने ४०० मीटर अडथळ्यांचं. या दोघांनी क्रिएटिन वापरल्याच्या बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत आल्या आणि प्रयोगशाळेतला पदार्थ वर्षभरात दुकानांच्या फळ्यांवर गेला.

पण पिंप हवं तेवढं मोठं होत नाही. क्रिएटिन पेशीत शिरतं ते एका खास प्रथिनाच्या दारातून, सोडियमच्या जोरावर, चढाच्या दिशेने. आत पुरेसं झालं की दार आपोआप आवळतं. मग वरून कितीही ओता, ते लघवीवाटे निघून जातं. म्हणून पाच-सात दिवस रोज २० ग्रॅमचं ‘लोडिंग’ करा किंवा रोज फक्त ३ ग्रॅम महिनाभर घ्या, स्नायू पोचतात त्याच पातळीला. पहिला रस्ता जवळचा, दुसरा पोटाला सोसणारा. थांबवलं की चार-सहा आठवड्यांत साठा मूळ पातळीवर.

आता आपल्याकडच्या अनेक घरांना थेट लागू पडणारी गोष्ट. क्रिएटिन फक्त प्राणिज अन्नात असतं. एक किलो कच्च्या मटणात किंवा माशात चार-पाच ग्रॅम, दुधात नावापुरतं, डाळी-भाज्यांत काहीच नाही. मग शाकाहारी माणूस धावतो कसा? शरीर ते स्वतः बनवतं. मूत्रपिंड दोन अमिनो आम्लं जोडून अर्धवट माल तयार करतं, तो रक्तातून यकृताकडे जातो, यकृत त्याला शेवटचा हात देतं आणि तयार माल स्नायूंकडे रवाना. एका रेणूसाठी दोन अवयवांची भागीदारी! तरीही शाकाहारी माणसांच्या स्नायूंतला साठा सरासरीने कमीच असतो आणि म्हणून पावडरीचा परिणाम त्यांच्यात बहुधा जास्त दिसतो. आणि ही पावडर मांसातून काढत नाहीत. सार्कोसिनचा क्षार आणि सायनामाइड यांच्या संयोगातून ती कारखान्यात बनते.

मग फायदा नेमका कुठे होतो? इथे बहुतेकांची गल्लत होते. पावडर घेतली म्हणून मॅरेथॉन वेगाने पळता येत नाही. ती शर्यत नळाच्या धारेवर चालते, तिथे पिंपाला काय किंमत? उलट क्रिएटिन स्नायूत पाणी ओढून घेतं, पहिल्या आठवड्यात वजन एक-दोन किलो वाढू शकतं, आणि ते ओझं लांब पल्ल्याच्या धावपटूला वाहून न्यावं लागतं. एकाच छोट्या झेपेतही फरक थोडाच.

फरक पडतो पुन्हा पुन्हा झेप घ्यावी लागते तिथे. खर्ची पडलेलं फॉस्फोक्रिएटिन अर्ध्या मिनिटात सुमारे निम्मं भरून येतं, जवळपास पूर्ण भरायला तीन-पाच मिनिटं. आता कबड्डीची ३० सेकंदांची चढाई आठवा. सूर मारणं, पकडीतून सुटणं, मध्यरेषेकडे झेपावणं, मग थोडा दम आणि पुन्हा हाक. दुसऱ्या, चौथ्या, सातव्या चढाईला पायात किती उरलं आहे, यावर सामना ठरतो. फुटबॉल, हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, सगळ्यांची हीच घडण. मागणी जिथे अशी तुटक-तुटक असते, तिथे मोठं पिंप कामी येतं.

आणि त्याहून मोठा फायदा सामन्याच्या दिवशी होतच नाही. तो महिनोन्‌महिने सरावात होतो. वजन उचलणारा आठव्या वेळी थांबायचा तो नवव्या, दहाव्या वेळेपर्यंत जातो. एवढंच. पण अशा एका-दोन जादा उचली रोज, प्रत्येक सेटला, तीन महिने. स्नायू वाढतो तो या जादा कामामुळे. वजनांच्या व्यायामावरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या व्यायामाने ताकद सरासरी १२ टक्के वाढली आणि क्रिएटिनच्या जोडीने २० टक्के. पण व्यायाम नसेल तर पावडर ताकदीच्या बाबतीत फारसं काही करत नाही. आणि काही जणांमध्ये व्यायाम असूनही फारसं काही घडत नाही, कारण त्यांचं पिंप बहुधा आधीच काठापर्यंत भरलेलं असतं.

धास्तीचं काय? १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन घटवण्याच्या धडपडीत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले आणि संशय क्रिएटिनवर गेला. तपासात निघालं ते वेगळंच आणि फार वाईट. रबरी कपडे घालून, तापलेल्या खोलीत, पाणी तोडून घाम गाळणं. केस गळतात ही भीती मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या २० रग्बी खेळाडूंवरच्या २००९ च्या एका अभ्यासावर उभी आहे. त्यात एक संप्रेरक वाढल्याचं दिसलं, पण केस कुणी मोजलेच नव्हते.

मूत्रपिंडाची भीती मात्र समजून घेण्यासारखी आहे. क्रिएटिन रोज थोडं थोडं आपोआप मोडतं आणि त्याचं क्रिएटिनिन होतं, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजतात तेच. साठा वाढला की रिपोर्टमधला आकडाही थोडा चढू शकतो, मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी. निरोगी माणसांत नेहमीच्या मात्रेने इजा झाल्याचं अभ्यासांत आढळलेलं नाही. पण ज्यांना आधीच मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये. आणि रक्त तपासायला जाताना आपण हे घेतो, असं प्रत्येकाने सांगावं. स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी आणखी एक. क्रिएटिन बंदीच्या यादीत नाही, पण भेसळीच्या डब्यात दुसरं काय निघेल याची जबाबदारी नियमाप्रमाणे खेळाडूचीच असते.

इतका वेळ आपण मांड्यांबद्दल बोलतोय. पण ही यंत्रणा जिथे जिथे ऊर्जा झटक्यात लागते, तिथे तिथे आहे. डोळ्याच्या पडद्यात आहे. समुद्री अर्चिनच्या शुक्राणूत तर डोक्याजवळ बनलेली ऊर्जा शेपटीच्या टोकापर्यंत पोचवायचं काम ती करते. कोळंबी आणि खेकड्यांनी हाच प्रश्न क्रिएटिनऐवजी अर्जिनिन वापरून सोडवला आहे. धोका दिसताच कोळंबी शेपटीचा फटका मारून मागे उसळते तो त्या साठ्यावर. तिच्यातलं अर्जिनिन कायनेज हे विकर कोळंबी न सोसणाऱ्या काही माणसांच्या ॲलर्जीचं एक कारणही आहे.

आणि ती यंत्रणा मेंदूत आहे. १९९४ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका लहान मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. दोन वर्षांच्या आतलं मूल, वाढ खुंटलेली, हालचाली विचित्र. चुंबकीय तपासणीत मेंदूत क्रिएटिन जवळजवळ नाहीच. यकृतातली ती शेवटची पायरी पार पाडणारं विकर त्याच्यात जन्मतः काम करत नव्हतं. उपचार काय केला? तोंडावाटे क्रिएटिन, तेच जे डब्यात मिळतं. मेंदूतला साठा भरू लागला आणि मूल सुधारू लागलं. ज्या मुलांमध्ये क्रिएटिन बनतं पण पेशीचं दारच बिघडलेलं असतं, त्यांना मात्र ही पावडर फारशी तारू शकत नाही.

पहिल्या प्रकारच्या बाळांना लक्षणं दिसण्याआधी क्रिएटिन सुरू केलं, तर त्यांची वाढ जवळपास इतर मुलांसारखी होऊ शकते. म्हणून अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांच्या यादीत या विकाराचा समावेश केला. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत, यकृताकडे जायला निघालेला तो अर्धवट माल साठून राहिलाय का, हे त्यात पाहतात.